इंटर्नशिपचे वर्ष पुस्तकात घालवायचे की दवाखान्यात?

गावातला मुलगा किंवा मुलगी एम.बी.बी.एस.ला लागली की चौकात फलक लागतो, शाळेत सत्कार होतो, पेढे वाटले जातात. पुढे साडेचार वर्षांनी शेवटची परीक्षा पास झाली की पुन्हा एकदा पेढे. त्यानंतर एक वर्ष असे येते की त्याबद्दल गावात कोणी बोलत नाही. पोरगं काय करतंय विचारले तर बाप सांगतो, ‘‘इंटर्नशिप चालू आहे, पण खरं म्हणजे पी.जी.चा अभ्यास करतोय.’’ या वाक्यातला ‘पण’ फार महत्त्वाचा आहे. इंटर्नशिप नावाला आणि अभ्यास खरा, असा त्याचा सरळ अर्थ होतो. हा प्रश्न एकट्या त्या घराचा नाही. ज्या प्राथमिक आरोग्य केंद्रावर आपण ताप, बाळंतपण आणि सर्पदंश घेऊन जातो, त्या केंद्राचाही तो प्रश्न आहे. म्हणून त्यावर शेतकऱ्यांच्या पानावर लिहिणे आम्हाला गरजेचे वाटते.

आधी हे वर्ष म्हणजे काय ते पाहू. सरकारी कागदात त्याला आंतरवासिता म्हणतात. साडेचार वर्षांचे शिक्षण झाल्यावर एक वर्ष रुग्णालयात फिरत्या पद्धतीने काम करायचे, ते पुरे झाले की मगच डॉक्टर म्हणून कायमची नोंदणी. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२१ मध्ये या वर्षाचे नवे नियम केले. त्यात औषधशास्त्र विभागात, म्हणजे मेडिसिनला, सहा आठवडे, शस्त्रक्रियेला सहा आठवडे, बाळंतपण व स्त्रीरोगाला सात आठवडे, अपघात विभागात दोन आठवडे अशी वाटणी आहे. सगळ्यात मोठा वाटा मात्र सामुदायिक आरोग्याचा, बारा आठवड्यांचा. हे बारा आठवडे म्हणजे खेड्यातले दिवस. ग्रामीण आरोग्य केंद्र, उपकेंद्र, लसीकरणाचा दिवस, शाळा तपासणी, आशाताईंबरोबर घरोघर फिरणे. शिवाय चार आठवडे विद्यार्थ्याने आपल्या आवडीच्या विषयात घालवायचे असतात. या कामाबद्दल त्याला विद्यावेतनही मिळते.

रशिया, किरगिझस्तान, फिलिपाईन्स अशा देशांत शिकून येणारी आपल्या भागातली मुले थोडी नाहीत. त्यासाठी कोणी एकर दोन एकर काढले, कोणी कर्ज केले. त्यांनाही इथली परीक्षा पास झाल्यावर भारतात इंटर्नशिप करावीच लागते. तेव्हा हे वर्ष कोणाला चुकलेले नाही. ते कसे घालवायचे एवढेच ज्याच्या त्याच्या हाती आहे.

आता पोरांची बाजू ऐकली पाहिजे. ती न ऐकता ‘आजकालच्या मुलांना सेवाभाव नाही’ असे म्हणून मोकळे होणे सोपे आहे, आणि ते बरोबर नाही. नुसत्या एम.बी.बी.एस.वर आज भागत नाही अशी समजूत घट्ट झाली आहे. तालुक्याच्या गावात सुद्धा लोक पाटीवर एम.डी., एम.एस. आहे का ते आधी पाहतात. पाहणारे आपणच. मग पी.जी.साठी नीट-पीजी ही देशपातळीवरची परीक्षा. दोनशे प्रश्न, आठशे गुण, चुकीच्या उत्तराला एक गुण वजा. क्ष-किरण व सोनोग्राफीचे शास्त्र, म्हणजे रेडिओलॉजी, आणि त्वचारोग या विषयांच्या जागा वरच्या क्रमांकाच्या मुलांतच संपतात. या विषयांत रात्री-अपरात्री उठावे लागत नाही, नातेवाइकांची हाणामारी फारशी वाट्याला येत नाही आणि प्राप्तीही बरी, असा हिशेब त्यामागे आहे. थोड्या गुणांनी विषय हुकतो आणि एक वर्ष वाया जाते.

त्यात परीक्षेच्या तारखेचा भरवसा नाही. २०२२ साली ही परीक्षा मे महिन्यात झाली, २०२३ साली मार्चमध्ये. २०२४ साली जूनमध्ये ठरलेली परीक्षा आदल्या रात्री पुढे ढकलली आणि ऑगस्टमध्ये घेतली. २०२५ सालीही जूनची परीक्षा ऑगस्टवर गेली. पावसाची वाट पाहणाऱ्या शेतकऱ्याला या पोरांची अवस्था वेगळी सांगायला नको. पेरणीची तारीखच ठरत नसेल तर माणूस बियाणे उशाशी घेऊनच झोपणार. इंटर्नशिपभर पुस्तक उशाशी राहते ते यामुळे.

पण म्हणून जे चालते ते योग्य ठरत नाही. अनेक ठिकाणी काय होते हे आरोग्य केंद्राच्या शिपायालाही ठाऊक असते. इंटर्न सोमवारी येतो, हजेरीपटावर सह्या करतो आणि शहरातल्या अभ्यासिकेत जाऊन बसतो. कुठे चौघांची ड्यूटी एकजण करतो. वैद्यकीय अधिकारीही ‘पोरांचं वर्ष आहे, अभ्यास करू दे’ म्हणून कानाडोळा करतात. त्यात त्यांचा वाईट हेतू नसतो. त्यांनीही आपल्या वेळी तेच केलेले असते. गावाला तर याचा पत्ताच नसतो, कारण आपल्या केंद्रावर इंटर्न नेमलेले आहेत हेच कोणी गावाला सांगितलेले नसते.

यात नुकसान कोणाचे होते? पहिले त्या पोराचे. आषाढात रानात काम करताना बाईला साप चावला. घरचे आधी मंत्रवाल्याकडे नेतात, मग केंद्रावर आणतात. पापण्या जड झाल्या आहेत, गिळता येत नाही. अशा वेळी प्रतिविषाची लस किती, किती वेगाने, तिची उलटी प्रतिक्रिया आली तर काय, कृत्रिम श्वास द्यावा लागला तर गाडी येईपर्यंत कसा द्यायचा, याचा प्रश्न परीक्षेत आला तर चार पर्यायांतून एक निवडता येतो. केंद्रावर पर्याय छापलेले नसतात. फवारणीची विषबाधा तशीच. २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना शेतकरी आणि शेतमजूर दगावले, त्याची देशभर चर्चा झाली. बाहुल्या बारीक झालेल्या, तोंडाला लाळ, अंगाला घाम, श्वास घुसमटलेला, असा माणूस दारात आला की पहिल्या तासात ॲट्रोपीन सुरू करणारा हात लागतो. असा हात रुग्णाजवळ उभे राहूनच तयार होतो.

कोणी म्हणेल, ज्याला त्वचारोगाचा किंवा सोनोग्राफीचा डॉक्टर व्हायचे आहे त्याला साप आणि बाळंतपण कशाला? उलट आहे. मेडिसिन किंवा सर्जरी घेणाऱ्याला पुढेही तीन वर्षे वॉर्डातच काढायची असतात, त्याला हे सगळे पुन्हा भेटेल. रेडिओलॉजी किंवा त्वचारोग घेणाऱ्याच्या आयुष्यात अख्ख्या माणसाला हात लावून तपासण्याचे हे शेवटचेच वर्ष असू शकते. पोटाचे चित्र वाचणाऱ्याला ते पोट कोणाचे, ती बाई किती दिवस अंगावर काढून आली, हे एकदा तरी जवळून पाहिलेले असावे. कुष्ठरोगाचा पहिला चट्टा खेड्यातल्या शाळेत, घरभेटीत सापडतो. तो ज्याने इंटर्नशिपमध्ये ओळखला तो पुढे त्वचारोगाचा डॉक्टर म्हणून अधिक भरवशाचा होईल, यात शंका नाही. अमेरिकेतसुद्धा त्वचारोग, रेडिओलॉजी, भूल असे विषय घेणाऱ्यांना त्या विषयाला हात लावण्याआधी एक वर्ष सर्वसाधारण रुग्णसेवेत काढावे लागते. तिथेही सोपे वर्ष निवडावे की कष्टाचे, याची पोरे चर्चा करतात. पण ते वर्ष चुकवता येत नाही.

खेड्यातल्या कामाने पुढचे शिक्षण बुडते ही समजूतही तपासून घ्यावी. डॉ. हिंमतराव बावस्कर हे मराठवाड्यातल्या खेड्यातले शेतकऱ्याचे पुत्र. १९७६ च्या सुमारास ते कोकणात महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रावर रुजू झाले. तिथे लाल विंचवाच्या दंशाने पोरेबाळे मरताना त्यांनी पाहिली. रात्र रात्र रुग्णाजवळ बसून नोंदी केल्या. विंचवाच्या विषाने हृदयावर काय परिणाम होतो, फुप्फुसात पाणी कसे भरते, ते लिहून काढले. मध्ये पुण्याला जाऊन एम.डी. केले आणि पुन्हा महाडलाच आले. रक्तदाबावरचे प्राझोसिन हे साधे औषध या दंशावर चालते हे त्यांनी दाखवून दिले. ‘लॅन्सेट’सारख्या जगप्रसिद्ध नियतकालिकाने त्यांचे काम छापले. गंभीर दंश झालेल्या शंभरातले तीस-चाळीस दगावत, ते प्रमाण एक-दोनांवर आले. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांना संशोधनाचा विषय अभ्यासिकेत सापडला नव्हता, केंद्राच्या ओट्यावर सापडला होता.

मेळघाटात बैरागडला काम करणारे डॉ. रवींद्र कोल्हे यांचे उदाहरणही असेच. एम.बी.बी.एस. होऊन ते तिथे गेले, आपले ज्ञान कमी पडते हे तिथल्या रुग्णांनी त्यांना दाखवून दिले, तेव्हा परत येऊन एम.डी. केले आणि पुन्हा बैरागड गाठले. २०१९ मध्ये त्यांना आणि डॉ. स्मिता कोल्हे यांना पद्मश्री देण्यात आली. कोणता विषय घ्यायचा, कशासाठी घ्यायचा, हे ठरवायला आधी काम केलेले उपयोगी पडते, एवढेच यातून घ्यायचे. प्रत्येकाने मेळघाटात जावे असे कोणी म्हणत नाही.

सेवाग्रामचे महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थान डॉ. सुशीला नायर यांनी १९६९ मध्ये सुरू केले. तिथे पहिल्या वर्षाची प्रत्येक तुकडी एक गाव दत्तक घेते आणि मुले काही दिवस त्या गावात मुक्काम करतात. त्याच संस्थेने पी.जी.ला प्रवेश घेण्याआधी दोन वर्षे ग्रामीण सेवेची अट अनेक वर्षे चालवली. त्या अटीतून गेलेले डॉक्टर पुढे शिकायला मागे पडले नाहीत.

आता दुसरे नुकसान, ते आपले. तीस हजार लोकवस्तीला एक प्राथमिक आरोग्य केंद्र, डोंगरी व आदिवासी भागात वीस हजारांना एक, असा नियम आहे. केंद्रावर बाह्यरुग्ण, बाळंतपण, शवविच्छेदन, साथी, सभा, ऑनलाइन नोंदी हे सगळे एक-दोन डॉक्टरांच्या अंगावर. अशा ठिकाणी मन लावून काम करणारा एक इंटर्न असला तर सकाळच्या गर्दीत म्हातारीचा रक्तदाब दोनदा मोजला जातो, साखरेच्या रुग्णाचा पाय उघडून पाहिला जातो, गरोदर बाईच्या अंगात रक्त किती आहे याकडे लक्ष जाते. तो कायमच्या डॉक्टरची जागा घेऊ शकत नाही आणि घेऊही नये. पण त्याच्या असण्याने फरक पडतो. सही करून गेलेल्या इंटर्नने फक्त कागद भरतो.

आणखी एक गोष्ट शेतकऱ्याने ध्यानात ठेवावी. ज्या विषयांसाठी ही धावपळ चालते त्यांचीच खेड्यात टंचाई आहे. ग्रामीण रुग्णालयात सोनोग्राफीचे यंत्र असले तरी ते चालवायला कायद्याने पात्र माणूस लागतो. गर्भलिंगनिदान रोखण्यासाठी १९९४ मध्ये केलेला तो कायदा योग्यच आहे. पण पात्र डॉक्टर नसला की यंत्र कापडाखाली राहते आणि बाई जिल्ह्याला जाते. भूल देणारा डॉक्टर नसला की सिझेरियन अडते. म्हणजे आपल्या पोराने रेडिओलॉजी घ्यावी यात गावाचे वावडे असण्याचे कारण नाही, तसे डॉक्टर आपल्याला हवेच आहेत. प्रश्न एवढाच की ज्याने खेड्यातले बारा आठवडे सुद्धा चुकवले, तो पुढे तालुक्याला दवाखाना टाकेल अशी आशा कशावर धरायची?

म्हणून ज्या घरात इंटर्न आहे त्या घराला आमचे चार शब्द सांगणे आहे.

पहिले, पोरावर ‘रँक आलीच पाहिजे’ म्हणून तगादा लावू नका. जमिनीचा तुकडा विकला, ते पोराला माहीत असते. रोज आठवण देऊन त्याचे हात थरथरवू नका. नीट-पीजी एकदाच होते असे नाही. इंटर्नशिप मात्र एकदाच होते.

दुसरे, वर्ष आखून घ्यायला सांगा. सर्जरी, बाळंतपण, अपघात विभाग ही अंगमेहनतीची कामे असताना अभ्यास कमी होणार हे धरून चालावे. खेड्यातल्या बारा आठवड्यांत दुपारनंतर आणि रात्री वेळ मिळतो. केंद्रावर मुक्काम केला तर सकाळी बाह्यरुग्ण, संध्याकाळी पुस्तक, आणि रात्री बाळंतपण आले तर उठणे, असे दोन्ही साधते. रोज जाण्या-येण्यात तीन तास घालवणाऱ्याचे मात्र दोन्ही बुडते. सकाळी पाहिलेला रुग्ण संध्याकाळी पुस्तकात वाचला तर तो प्रश्न परीक्षेत सहसा चुकत नाही.

तिसरे, आवडीचे चार आठवडे विचार करून निवडावेत. ज्या विषयाकडे ओढा आहे तिथे खरेच बसून पाहावे. दिवसभर अंधाऱ्या खोलीत चित्रे वाचणे आपल्याला मानवते का, हे रँक लागण्याआधी कळलेले बरे. नाहीतर सगळे घेतात म्हणून विषय घेतला आणि वर्षभरात सोडला, असेही होते. सोडताना दंड बसतो तो वेगळाच.

चौथे, सरकारी महाविद्यालयात शिकलेल्याला आपल्या राज्यात एक वर्षाच्या सेवेचे बंधपत्र असते. ती सेवा न केल्यास एम.बी.बी.एस.साठी दहा लाख रुपयांचा दंड आहे. दंड भरून सुटण्याचा विचार करण्याआधी एक लक्षात घ्यावे. सरकारी सेवेतल्या डॉक्टरांसाठी पी.जी.च्या जागा राखून ठेवण्याचा राज्यांचा अधिकार सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२० मध्ये मान्य केला. खेड्यातल्या नोकरीतूनही पी.जी.कडे वाट जाते. अटी दरवर्षीच्या माहितीपुस्तिकेत बघून घ्याव्यात, कोणाच्या ऐकीव सांगण्यावर जाऊ नये.

हे झाले घरचे. गावाचे काय? इथे आपणही धुतल्या तांदळासारखे नाही. केंद्राच्या निवासस्थानाची कौले फुटलेली, नळाला पाणी नाही, रात्री दिवा नाही, संडासाचे दार मोडलेले. त्यात बावीस-तेवीस वर्षांची मुलगी इंटर्न म्हणून आली तर तिने मुक्काम करावा कसा? ऑगस्ट २०२४ मध्ये कोलकात्याच्या आर.जी. कर रुग्णालयात ड्यूटीवरच्या तरुण डॉक्टर मुलीवर अत्याचार होऊन तिचा खून झाला. शहरातल्या मोठ्या रुग्णालयात हे घडले. आपल्या मुलीला आडगावच्या केंद्रावर ठेवताना आईबापाच्या मनात काय येत असेल याचा विचार गावानेच करायला हवा. रुग्ण दगावला की डॉक्टरच्या अंगावर धावून जाणारे आपल्यातलेच असतात. दारू पिऊन रात्री सलाइन लावा म्हणून दार ठोकणारेही आपलेच.

सरपंच आणि ग्रामपंचायतीच्या अधिकाऱ्यांनी काही गोष्टी सहज करण्यासारख्या आहेत. आपल्या केंद्रावर यंदा किती इंटर्न आहेत आणि कोणत्या महिन्यात, हे वैद्यकीय अधिकाऱ्याकडून लेखी मागावे आणि ते फळ्यावर लावावे. निवासाची एक खोली, पाणी, दिवा आणि दाराला कडी एवढे तरी पाहावे. आरोग्य केंद्राच्या समितीवर जे सदस्य आहेत त्यांनी नुसत्या सभेच्या सह्या न करता महिन्यातून एकदा केंद्रावर जावे. मुलगी इंटर्न असेल तर रात्री नर्सबाई किंवा आशाताई सोबत राहील अशी व्यवस्था करावी. पंधरा ऑगस्टच्या ग्रामसभेत त्या मुलांना बोलावून साप, विंचू, फवारणी, पाणी यावर दहा मिनिटे बोलायला सांगावे. गावाने नावानिशी ओळखलेला डॉक्टर सहसा पळत नाही. आणि जो सह्या करून जातो त्याच्याबद्दल तालुका आरोग्य अधिकाऱ्याकडे शांतपणे अर्ज द्यावा. अंगावर जाऊन नव्हे.

सरकारकडे आमची मागणी थोडकी आहे. पी.जी.च्या परीक्षेची तारीख वर्षाच्या सुरुवातीला जाहीर करा आणि ती पाळा. २०१९ च्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोग कायद्यात एम.बी.बी.एस.च्या शेवटी एकच देशव्यापी परीक्षा घेऊन तिच्यावरच पी.जी.चा प्रवेश देण्याची तरतूद आहे. लेखी परीक्षा इंटर्नशिपच्या आधी झाली तर हे वर्ष कामासाठी मोकळे होईल. २०२३ मध्ये ती लांबणीवर टाकली गेली. तिच्या रचनेबद्दल विद्यार्थ्यांच्या शंका आहेत, त्यांचे निरसन व्हायला हवे. पण मूळ कल्पना खेड्याच्या हिताची आहे. पी.जी. करणाऱ्यांना आता तीन महिने जिल्हा पातळीवरच्या रुग्णालयात काम करणे सक्तीचे झाले, ही चांगली सुरुवात आहे. त्याच धर्तीवर इंटर्नचे खेड्यातले काम केंद्रावर मुक्काम करूनच व्हावे, आणि विद्यावेतन वेळच्या वेळी मिळावे. पोटाला चिमटा काढून कोणी सेवा करत नाही.

शेवटी गोष्ट शेतीसारखीच आहे. नांगरट आणि वखरणी दिसत नाही, दिसते ते पीक. म्हणून नांगरट टाळून पेरणाऱ्याला आपण शहाणा म्हणत नाही. इंटर्नशिप ही डॉक्टरची नांगरट आहे. पोराची रँक येवो, हवा तो विषय मिळो, त्याने शहरात मोठा दवाखाना टाको, गावाला आनंदच आहे. पण त्याआधी ते बारा आठवडे त्याने आपल्या केंद्राच्या ओट्यावर काढावेत, आणि ते काढता येतील असे गाव आपण त्याला द्यावे.